वीस किलो द्राक्षं गेली कुठं?

आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. आई म्हणते, विशाखाच्या नाकावर माशी बसली तर माशीचीच चूक. पण त्या शुक्रवारी मी जे काही ओरडले, आदळआपट केली, त्यातलं निम्मं तरी रास्त होतं. बाकीचं निम्मं सोडून द्या.

सत्त्याऐंशी सालचा जानेवारी. नाशिकमध्ये शरणपूर रोडला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, एक कर्कश्श प्रिंटर आणि माणसं तीन. खैरनार सर मालक. मी, विशाखा पगारे, प्रोग्राम लिहिणारी, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. फेब्रुवारीअखेर सहा महिने भरणार होते. त्यानंतर पत्र मिळालं तर कायम, नाही तर घरी. आणि तिसरे निवृत्ती अण्णा.

अण्णा निफाडकडचे, साठीला टेकलेले. अठ्ठावीस वर्षं एका कारखान्यात टाइमकीपर होते. त्यामुळे वेळेच्या बाबतीत एकदम कडक. रेडिओवरच्या बातम्यांना घड्याळ लावायचे आणि ते घड्याळ म्हणजे ब्रह्मवाक्य. आमचं मशीन जुन्या पद्धतीचं, बंद केलं की तारीख-वेळ विसरायचं. रोज सकाळी चालू केलं की पहिला प्रश्न, आजची तारीख काय? दुसरा प्रश्न, वाजले किती? बाकी ऑफिसांत लोक नुसतं बटण दाबून पुढे जायचे. आमच्याकडे ते काम अण्णांचं. चपला बाहेर काढायच्या, मशीनवरचं कापड घडी घालून ठेवायचं, हात जोडायचे, मग एका बोटाने तारीख टाकायची. आधी महिना, मग दिवस, कारण मशीनला तसंच लागायचं. मग मनगट डोळ्यांजवळ नेऊन वेळ टाकायची. हे सगळं होईपर्यंत मी खुर्चीला हात लावलेला त्यांना चालत नसे.

काम होतं पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदार संघाचं. शेतकरी माल घेऊन येतो, खोक्यांसकट वजन होतं, रिकाम्या खोक्यांचं वजन वजा करून निव्वळ द्राक्षं किती भरली त्याची चिठ्ठी निघते. ती चिठ्ठी आता कॉम्प्युटर काढणार होता. पाच महिने खपून मी हे लिहिलं होतं. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा प्रोग्राम. बावीस फायली!

गुरुवारी दुपारी सर म्हणाले, "विशाखा, आज सगळ्या फायली जुळवून टाक. होऊन जाऊ दे एकदा."

अण्णा दारातच उभे होते. म्हणाले, "साहेब, आजचा दिस राहू द्या ना. उद्या जुळवा."

"का हो?"

"नाय, आपलं उगाच. उद्या निवांत होईल."

"अण्णा, हा प्रोग्राम आहे, पोराची मुंज नाही," सर हसले. मीही हसले. साडेचारला सुरुवात केली, पाच वाजून पाच मिनिटांनी बावीसच्या बावीस फायली जुळून एक अख्खा प्रोग्राम तयार! मी खुर्चीतल्या खुर्चीत टुणकन उडाले. वीस खोक्यांची खोटी चिठ्ठी काढून बघितली, हिशेब चोख आला. अण्णांना म्हटलं, "बघा, झालं की नाही आजच?" ते नुसते मान हलवून कापड घालायला गेले.

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला पिंपळगावहून फोन. संघाचे सहादू तात्या चार वाजता प्रोग्राम बघायला येणार होते, ते ठरलेलंच होतं. पण फोनवर नवीच गंमत सांगितली. या हंगामापासून लाकडी खोकी बंद, पुठ्ठ्याची सुरू. लाकडी खोकं रिकामं दीड किलोचं, पुठ्ठ्याचं अर्ध्या किलोचं. तेवढा बदल करून ठेवा म्हणाले.

"किती वेळ लागेल?" सरांनी विचारलं.

"सर, दीडचं अर्धा करायचं. चहा गार व्हायच्या आत होईल."

ही माझी फुशारकी. पुढे दिवसभर ती माझ्या घशात अडकून बसली.

वजनाच्या फायलीत एका ओळीत आकडा होता. तो बदलला. प्रोग्राम पुन्हा बांधला. आता हे बांधणं म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी गोम तिथंच आहे. मी लिहिते तो मजकूर माणसाला वाचता येतो. त्याची मशीनच्या भाषेत एक प्रत करावी लागते. बावीस फायलींच्या बावीस प्रती करायला पस्तीस मिनिटं जायची. म्हणून सरांनी मुंबईहून एक नवी युक्ती आणली होती, तिचं नाव मेक. मेक हा आमचा मुकादम. जी फाईल बदललीय तिचीच नवी प्रत करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. पस्तीस मिनिटांचं काम तीन मिनिटांत! मी तर त्या मुकादमावर फिदा होते.

तर बदल केला, मेकला हाक मारली, मशीन जरासं घुरघुरलं, गप्प झालं. चिठ्ठी काढली. वीस खोकी, एकूण एकशे दहा किलो. पुठ्ठ्याचे दहा किलो वजा जाऊन शंभर यायला हवेत.

आले ऐंशी.

म्हटलं, आपणच सेव्ह करायला विसरलो. पुन्हा केलं. ऐंशी. फाईल प्रिंटरवर छापून काढली. कागदावर स्वच्छ अर्धा किलो. चिठ्ठीवर ऐंशी. मग वाटलं, एकाच नावाच्या दोन फायली असतील, मी एक बदलतेय आणि मशीन दुसरीच घेतंय. सगळी डिस्क धुंडाळली. दुसरी नाही! तोपर्यंत साडेअकरा झाले होते आणि चहा कधीच गार होऊन त्यावर साय धरली होती.

बाराला सर आत आले. चिठ्ठी बघितली.

"बदल केलास?"

"केला, सर."

"मग हे काय?"

"तेच कळत नाहीये."

"विशाखा, बदल केला असता तर आकडा बदलला असता. मशीन खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

माझा आवाज चढला. सरांचाही. "मला माहीत नाही कोण खोटं बोलतंय. वीस खोक्यांमागे वीस किलो द्राक्षं मशीन खातंय एवढं मला दिसतंय. चारला तात्या येतायत. त्यांच्यासमोर ऐंशी निघाले, तर सोमवारी यायची तसदी घेऊ नकोस."

एवढं बोलून ते तात्यांसाठी बाहेरून काही आणायला गेले. मी तिथंच उभी. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. माझे बाबा, पुंजाराम गुरुजी, आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत येईल त्याला सांगत सुटले होते, आमची पोरगी कॉम्प्युटरवर असते. सोमवारी मी घरी बसले तर ते काय सांगणार होते? आणि नोकरी गेली तर एक वेळ गेली, पण खोटारडी म्हणून जाऊ? छे! डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच राग आला.

अण्णांनी दारातून विचारलं, "पोरी, डबा खाऊन घे ना."

"डबा घाला चुलीत!" मी खेकसले. ते गेले.

मग मी पिसाळलेच. अर्धा किलो ऐकत नाहीस काय? घे पन्नास! एका खोक्याचं वजन पन्नास किलो टाकलं. म्हणजे वीस खोक्यांचे हजार किलो, चिठ्ठीवर उणे काहीतरी भयंकर यायला हवं. मेक केलं. चिठ्ठी काढली.

ऐंशी!

आता मात्र मला हसू यायला लागलं. रडता रडता हसणं असतं ना, तसलं. मी त्या फायलीच्या ऐन मध्यात, हिशेबाच्या दोन ओळींमध्ये, इंग्रजी अक्षरांत सरळ टाइप केलं, "अरे मेल्या तुझं डोकं फिरलंय का". हे कुठल्याच मशीनच्या भाषेत बसत नाही. एक स्वल्पविराम चुकला तरी दहा चुका काढणारं ते मशीन, असली शिवी दिसली तर थयथयाट करायला हवा.

मेक केलं.

शांत. एक चूक नाही. चिठ्ठी ऐंशी.

आणि मी ताडकन उभी राहिले. अगं बाई! हे माझं ऐकत नाही असं नाही, हे माझी फाईल वाचतच नाहीये! मुकादम कालचीच प्रत पुढे ढकलतोय! मी बदल करते, तो बघतसुद्धा नाही! का? कशावरून ठरवतो तो, कुठली फाईल बदललीय ते?

तारखेवरून. माझ्या मजकुराची वेळ नंतरची असेल तर नवी प्रत करायची. प्रतीची वेळ नंतरची असेल तर प्रत ताजी आहे, सोडून द्यायचं. एवढंच त्याला कळतं.

फायलींची यादी पडद्यावर मागवली. माझ्या मजकुरापुढे तीस जानेवारी, दुपारी दोन अडतीस. बरोबर. आणि मशीनच्या प्रतीपुढे तीस जानेवारी, संध्याकाळी पाच वाजून दोन मिनिटं.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेतीन.

"अण्णाऽऽ!" मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई जिन्यात आल्या. "अण्णा, आज संध्याकाळी पाचला होणारी फाईल आत्ताच मशीनमध्ये आहे! अजून पाच वाजायचेत आणि फाईल हजर!"

अण्णा आले, त्यांच्या मागून सरही जिना चढून आत आले, हातात पेढ्यांचा पुडा. मी एका दमात सगळं सांगितलं. काल साडेचार ते पाचच्या दरम्यान ज्या प्रती झाल्या, त्यांच्यावर कालची नाही, आजची तारीख आहे. म्हणून आज पाचच्या आत मी काहीही बदललं तरी मुकादमाला ते जुनंच वाटतंय. सर ओठ हलवत मनाशी ताडून बघत राहिले आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे काल मशीनला आजची तारीख दिली कोणी?"

मला उत्तर ठाऊक होतं. सरांनाही. अण्णांच्या हातून अठ्ठावीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे झालं नव्हतं. चूक होणं शक्यच नव्हतं. माझी नजर आपसूक भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. एकोणतीस तारखेच्या चौकोनात काळा गोल.

अमावस्या.

"मीच टाकली," अण्णा म्हणाले. टोपी काढून हातात घेतली होती. "पोरीचा पहिला प्रोग्राम. पाच महिने बघतोय, मान मोडून बसती. अमावस्येला कसा जन्माला घालायचा? साहेबास्नी सांगितलं, ऐकलं नाय. मग तू चहाला उठलीस तवा मशीन बंद करून परत चालू केलं अन् उद्याची तारीख टाकली. म्हटलं, मशीनला काय कळतंय? एका दिसाचा तर प्रश्न हाय."

"अण्णा!" मी उसळले. "अहो, मी स्वतः अमावस्येची आहे जन्मलेली!"

"मग बरोबर हाय," अण्णा पुटपुटले. "तरीच येवढी तापट."

मला हसावं की रडावं कळेना. आमच्या घरात बाबांनी पौर्णिमा तेवढी ठेवली होती, वैशाखातली, बुद्धाची. अमावस्या पार काढून टाकली होती. ती अशी ऑफिसच्या मशीनमधून माझ्या मानगुटीवर बसेल असं कोणाला वाटलं असतं?

सर मात्र लालबुंद झाले होते. "अण्णा, उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही."

अण्णा एकदम एवढेसे झाले. रोज सकाळची ती पाच मिनिटं म्हणजे त्यांची नोकरी होती हो, बाकी प्रिंटरला कागद लावणं काय कोणीही केलं असतं. आणि माझं टाळकं पुन्हा सटकलं, या वेळी दुसऱ्या बाजूला.

"का म्हणून? मेक तारखेवर चालतं हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंत? त्यांना वाटलं, हजेरीपत्रकावरची तारीख. आणि मशीन खोटं बोलत नाही म्हणालात, मला म्हणालात! बोललं ना? सकाळपासून बोलतंय!"

सरांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. मग सर म्हणाले, "तू खरं सांगत होतीस. माझं चुकलं." आणि घड्याळाकडे बघून, "भांडण साडेचारनंतर. आता काय करायचं?"

"सगळ्या प्रती पुसायच्या. बावीसच्या बावीस. प्रत सापडलीच नाही तर मुकादमाला नवी करावीच लागेल."

"पस्तीस मिनिटं."

"तीन वाजायला दहा कमी आहेत. होतं!"

पुसल्या. मेक केलं. पहिली फाईल, दुसरी, तिसरी. आम्ही तिघं पडद्यासमोर, अण्णा मनगट डोळ्यांजवळ धरून मिनिटं मोजतायत. चौदावी फाईल. आणि मशीननं टँव केलं आणि अडलं! चुका! एक नाही, सात!

सरांचा चेहरा पांढराफटक. मी वाकून वाचलं आणि आनंदानं किंचाळले. चौदावी फाईल वजनाची. मेल्या, तुझं डोकं फिरलंय का! माझी शिवी मी काढायलाच विसरले होते!

"सर, त्याने वाचली! माझी शिवी वाचली त्याने!" मी अण्णांचा हात धरून गोल फिरले. सकाळपासून पहिल्यांदा ते मशीन माझं ऐकत होतं, आणि ऐकून मला शिव्या घालत होतं, आणि मला सातही चुकांना ओवाळावंसं वाटत होतं. सर विचारत राहिले, "काय लिहिलं होतंस नक्की?" मी सांगितलं नाही. शिवी काढली, पन्नासचा अर्धा केला, पुढे चालू.

तीन पस्तीसला बाविसावी फाईल झाली. चिठ्ठी काढायला हात पुढे जाईना. शेवटी अण्णाच म्हणाले, "दाब, पोरी."

शंभर.

शंभर! जीव भांड्यात पडला म्हणतात तो आवाजसुद्धा मला ऐकू आला.

सहादू तात्या चारला पाच मिनिटं असतानाच आले. धोतर, कोट, काखेत पुठ्ठ्याचं रिकामं खोकं. चपला बाहेर काढल्या, मशीनकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "तू लिव्हलंय?"

"हो, तात्या."

"मग सांग त्याला. पस्तीस खोकी. एकशे नव्वद किलो."

मी टाइप केलं. तात्या डोळे मिटून तोंडातल्या तोंडात पुटपुटले. प्रिंटर करकरायच्या आत त्यांचं उत्तर तयार होतं. "एकशे साडेबाहत्तर." कागद फाडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"बरोब्बर हाय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा जरा हळू हाय, पन बरोब्बर हाय."

ते गेल्यावर मी खुर्चीत कोसळले. अण्णा फायलींची छापलेली यादी हातात घेऊन चष्म्यातून एकेक ओळ बघत होते. बराच वेळ बघितलं. मग माझ्यासमोर कागद धरला आणि अगदी हळू, सरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "समद्यांवर तीस तारीख हाय. खरीखुरी."

मी कागद बघितला. खरंच की! कालच्या बावीसही प्रती पुसल्या होत्या. आता मशीनमध्ये जो प्रोग्राम होता तो आज, शुक्रवारी, अमावस्या संपल्यावरच जन्मला होता. अण्णांना हवं होतं तस्संच! मी पुडा ओढला आणि पेढा खाल्ला.

अण्णांचं तारखेचं काम चालूच राहिलं, अट एवढीच की खरी तारीख टाकायची. पुढचा महिना पिंपळगावला मशीन बसवण्यात गेला, बघता बघता फेब्रुवारीची अखेर आली. शेवटच्या शुक्रवारी सकाळी अण्णांनी हात जोडले, तारीख टाकली, आणि मला बोलावून पडदा दाखवला. "बघून घे. खरी टाकलीय." मी बघितली, खरी होती.

त्या दिवशी सर माझं पत्र देणार होते. दिवसभर वाट बघितली. चार वाजले, पाच वाजले. सर लवकर निघून गेले, एक शब्द न बोलता. मला विचारायचा धीर झाला नाही. मला! घरी जाऊन जेवले नाही. बाबांनी विचारलं, काय म्हणाले साहेब? म्हटलं, डोकं दुखतंय.

शनिवारी सकाळी जड पायांनी जिना चढले. अण्णा वर उभे. एका हातात पेढा, दुसऱ्या हातात लिफाफा. उघडला. कायम केल्याचं पत्र, खैरनार सरांची सही, आणि तारीख कालची.

"कालची?" मी ओरडले. "काल सही झाली? कोणाकडे होतं हे?"

"साहेबांनी दुपारीच दिलं होतं माझ्याकडं. म्हणाले, पोरीला दे."

"आणि तुम्ही दिलं नाहीत? अण्णा, काल रात्री मी जेवले नाही! माझा जीव गेला होता!"

अण्णांनी हनुवटीने कॅलेंडरकडे खूण केली. सत्तावीस तारखेच्या चौकोनात काळा गोल.

"मशीनला मी आता खोटं सांगत नाय, पोरी," ते म्हणाले आणि पेढा माझ्या तोंडात कोंबला. "पन हे पत्र तर माझ्याच खिशात व्हतं."